हाताने फिरवायचा स्कॅनर की फोनमधलं स्कॅनर ॲप? छोट्या इन्स्टंट फोटोंसाठी दोन्हींतला फरक

इन्स्टंट फोटोला निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून बाहेर पडतो तो एकच कागद, त्याची दुसरी प्रत कुठेच नाही. त्यात हे रंग उजेडाने फिके होत जातात. म्हणून असे फोटो लवकर डिजिटल करून ठेवावेत हे मला अगदी मनापासून वाटतं. साधन निवडताना मात्र पुष्कळांची गल्लत होते. फूटपट्टीसारखा लांबट, सेलवर चालणारा, कागदावरून हाताने सरकवायचा स्कॅनर मिळतो आणि फोनमध्येही स्कॅनर नावाचं ॲप असतं. दोन्ही सहज सोबत नेता येतात, दोन्हींतून शेवटी जेपीजी फाइल मिळते. त्यामुळे एक असलं की दुसऱ्याची गरज नाही असं वाटतं. प्रत्यक्षात दोघांची कामाची पद्धत वेगळी आहे आणि दोघं चुकतातही वेगवेगळ्या कारणांनी.

आधी हाताच्या स्कॅनरकडे पाहू. त्याच्या पोटाशी एक अरुंद काच असते. काचेमागे एलईडी दिवे, बारीक भिंगांची रांग आणि प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरांची ओळ. स्कॅनर सरकतो तसा तो चित्राची एकेक आडवी रेघ टिपतो. किती सरकलो हे त्याला खालच्या रोलरच्या फिरण्यावरून कळतं. दिवा स्वतःचा असल्यामुळे खोलीतला बल्ब पिवळा आहे की पांढरा, याने काही बिघडत नाही. शंभर फोटो काढले तरी सगळ्यांवर उजेड तोच. माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

पण या सेन्सरला कागद जवळजवळ चिकटून लागतो. मिलिमीटरभर वर उचलला गेला तरी चित्र धूसर होतं. इन्स्टंट फोटोची अडचण नेमकी इथेच आहे, कारण तो साधा कागद नाही. त्यात रसायनांचे थर बंद केलेले असतात आणि खालच्या रुंद पांढऱ्या पट्टीत डेव्हलपरची, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाची, पिशवी असते, म्हणून ती बाजू जास्त जाड. हाताचे बहुतेक स्कॅनर ए-फोर कागदाच्या रुंदीचे असतात, तर फूजीफिल्मच्या इन्स्टॅक्स मिनी या छोट्या इन्स्टंट कॅमेऱ्याचा फोटो जेमतेम ५४ मिमी रुंद. मग रोलर फोटोच्या बाहेर टेबलावर चालतात आणि मधला भाग फोटोच्या कडेवर चढतो. चढताना हलकासा झटका बसतो आणि त्या जागी चित्रात आडवा पट्टा किंवा ताणलेली रेघ उमटते. कधी रोलर फोटोलाच पुढे ढकलतो आणि चेहरे लांबट होतात.

यावर उपाय सोपा आहे आणि तो केल्याशिवाय हा स्कॅनर इन्स्टंट फोटोंवर फिरवूच नये असं मी म्हणेन. फोटोइतक्याच जाडीचा पुठ्ठा घ्यायचा, त्यात फोटो नेमका बसेल अशी खिडकी कापायची आणि पुठ्ठा टेबलाला चिकटपट्टीने पक्का करायचा. पुठ्ठा स्कॅनरपेक्षा रुंद हवा, म्हणजे रोलर आणि फोटो एकाच पातळीवर येतात. खिडक्या तीन-चार कापल्या तर एका फेरीत तेवढे फोटो निघतात. बाजूला एक जड पट्टी ठेवून तिच्या कडेने स्कॅनर न्यायचा, म्हणजे तो तिरका जात नाही. फोटोच्या बरंच आधी सुरुवात करायची, बरंच पुढे जाऊन थांबायचं आणि हात सावकाश, एकाच गतीने चालवायचा. घाई केली की बऱ्याच स्कॅनरांवर चूक झाल्याची खूण म्हणून दिवा लागतो आणि ती फेरी वाया जाते. सुरू करण्याआधी काच मऊ कापडाने पुसून घ्यावी. काचेवरचा एक कण चित्रात वरपासून खालपर्यंत उभी रेघ ओढून जातो.

फोनचं ॲप म्हणजे मुळात कॅमेराच. तो चित्र एका क्षणात, दुरून टिपतो आणि मग कडा ओळखून, तिरपेपणा काढून ते चौकोनात बसवतो. जाडीचा किंवा थोड्याशा बाकाचा त्याला त्रास नाही. त्याचा शत्रू म्हणजे चकाकी. इन्स्टंट फोटोचा पृष्ठभाग गुळगुळीत प्लास्टिकचा असतो, त्यात वरचा दिवा, खिडकी, कधी फोनसुद्धा दिसतो. गूगलच्या फोटोस्कॅनमध्ये वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेऊन ही चकाकी पुसण्याची सोय २०१६ पासून आहे. पण मोठ्या खिडकीपासून जरा बाजूला, आडव्या येणाऱ्या मऊ उजेडात फोटो ठेवला तर तिची गरजही फारशी पडत नाही. खाली गडद कापड घ्यावं. पांढऱ्या टेबलावर पांढरी चौकट ॲपला ओळखू येत नाही आणि ते कडाच कापून टाकतं. फोन अगदी जवळ नेण्यापेक्षा थोडा वर धरून दुप्पट झूम केलं तर कडा वाकड्या येत नाहीत.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो: ॲपमधला कागदपत्रांचा मोड बंद ठेवा. तो अक्षरं ठळक करण्यासाठी बनवलेला आहे. इन्स्टंट फोटोतले फिकट निळे आणि त्वचेचे मऊ रंग तो जाळून पांढरे करतो आणि इतक्या प्रेमाने जपलेल्या फोटोची पावती होऊन बसते.

आता डीपीआयचा, म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपले जातात याचा प्रश्न, कारण खरेदीच्या वेळी सगळे त्यालाच भुलतात. इन्स्टॅक्स मिनीचं चित्र ६२ × ४६ मिमी. ३०० डीपीआयवर त्याचे सुमारे ७३० × ५४० पिक्सेल होतात, ते कमी पडतात. ६०० वर सुमारे १,४६० × १,०९० होतात आणि तेवढे पुरतात. फोनवरून छापणाऱ्या इन्स्टॅक्स मिनी लिंक प्रिंटरचं चित्र मुळात ८०० × ६०० ठिपक्यांचं असतं, त्यातून ९०० डीपीआयवर नवा तपशील कुठून येणार? आणि १२ मेगापिक्सेलच्या फोनमध्ये ८६ मिमी लांबीच्या त्या कागदाने फ्रेमची निम्मी लांबी व्यापली, तरी हिशेब जवळपास ६०० डीपीआयवरच येतो. म्हणजे पिक्सेलच्या बाबतीत दोघं बरोबरीत. निवड करायची ती उजेड आणि जाडी पाहून.

म्हणून सुटे, सपाट मिनी फोटो ढिगाने असतील आणि सगळ्यांचे रंग एकसारखे हवे असतील तर हाताचा स्कॅनर घ्यावा, पुठ्ठ्याच्या खिडकीसह. पोलरॉइडचे जाड फोटो, बाक आलेले जुने फोटो, अल्बममध्ये घट्ट चिकटलेले फोटो यांच्यासाठी फोनच बरा. चिकटलेला फोटो उपटायला जाऊ नये, थर सुटतात. घरातल्या गेलेल्या माणसाचा एकच फोटो असेल तर मी ही दोन्ही साधनं बाजूला ठेवून फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेच्या टेबलावरच्या स्कॅनरवर ६०० डीपीआयने काढेन.

साधन कोणतंही असो, पांढरी चौकट कापू नका. तिच्यावर कुणीतरी पेनाने तारीख किंवा नाव लिहिलेलं असतं आणि ती पिवळी पडलेली नसेल तर रंग सुधारताना पांढरा कोणता हेही तिच्यावरूनच ठरवता येतं. नुकताच काढलेला फोटो रोलरखाली घालू नका. चित्र पूर्ण दिसायला लागलं तरी आतली रसायनं वाळायला आणखी काही आठवडे लागतात आणि तोवर दाब सहन होत नाही. आणि हाताच्या स्कॅनरचे सेल बदलल्यावर त्याचं घड्याळ तपासा, नाहीतर सगळ्या फाइलींवर भलतीच तारीख पडते.