कोंडो हातांकडे बघतात, उएमात्सु गोष्टीकडे

जपानी व्हिडिओ गेमच्या संगीताचा विषय निघाला की 'मारिओ' आणि 'झेल्डा' चे कोजी कोंडो आणि 'फायनल फँटसी' चे नोबुओ उएमात्सु ही दोन नावं एका दमात घेतली जातात आणि लगेच मोठं कोण हा वाद सुरू होतो. पुरावा म्हणून यूट्यूबवरच्या ऑर्केस्ट्राच्या मैफिली पुढे केल्या जातात. एका बाजूला उएमात्सुंचं, कोरससह गरजणारं 'वन-विंग्ड एंजल', दुसऱ्या बाजूला कोंडोंची मारिओची चाल. मग उएमात्सु भव्य ठरतात आणि कोंडो गोड, छोटे, तेच तेच वाजवणारे. हा निवाडाच मुळात चुकीचा आहे, कारण तो खेळ बंद ठेवून दिलेला असतो.

मारिओबद्दल फार सांगायला नको. नव्वदच्या दशकात आपल्याकडे कॅसेट घालून खेळायचे जे व्हिडिओ गेम आले ते बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेमयंत्राच्या नकला होते आणि त्यांतून ती चाल घरोघरी पोचली. जाता जाता एक गोष्ट: त्यातल्या अनेक नकली चिप्समध्ये पल्स, म्हणजे चौकोनी ध्वनिलहरीची 25 टक्के आणि 50 टक्के रुंदी उलटसुलट जोडलेली होती, म्हणून त्यांतून निघणाऱ्या आवाजाचा पोत मूळ यंत्रापेक्षा वेगळा लागे. अस्सल आवाज ऐकला की 'हे काहीतरी वेगळं वाटतंय' असं अनेकांना होतं, ते यामुळेही असू शकतं.

बाकीचे फरक चटकन उरकू. कोंडो 1961 साली नागोयात जन्मले, 1984 साली निन्टेन्डोत लागले. उएमात्सु 1959 सालचे, कोचीचे. पियानो स्वतःच शिकले, 'फायनल फँटसी' काढणाऱ्या स्क्वेअर कंपनीत नाव कमावलं आणि 2004 साली नोकरी सोडून स्वतंत्र झाले. यात घोळ होण्यासारखं काही नाही.

घोळ होतो तो पुढच्या प्रश्नावर: संगीत कधी बदलायचं हे कोण ठरवतं? कोंडोंच्या कामात ते खेळणाऱ्याचे हात ठरवतात, उएमात्सुंच्या कामात गोष्ट ठरवते. बाकी सगळं, म्हणजे चालीची लांबी, वाद्यं, पुनरावृत्ती, या एका गोष्टीतून निघतं.

हे पडताळायला दोघांचं एकाच प्रकारचं काम घ्यावं, मोकळ्या मैदानात भटकतानाचं संगीत. 'झेल्डा: ऑकॅरिना ऑफ टाइम' (1998) मधल्या हायरूल राज्याच्या मैदानाचं संगीत कोंडोंनी एक सलग रचना म्हणून लिहिलंच नाही. त्यांनी साधारण आठ-आठ मात्राखंडांचे बरेच छोटे तुकडे लिहिले आणि कोणत्या तुकड्यानंतर कोणता वाजेल हे खेळ ऐन वेळी ठरवतो. चालत राहिलात तर प्रवासाचे तुकडे येतात, उभे राहिलात तर शांत तुकडे, पीहॅटसारखा शत्रू जवळ आला की लढाईचे. बदल तुकडा संपल्यावरच होतो, त्यामुळे धक्का बसत नाही. रात्री संगीत थांबतं, उजाडलं की परत सुरू होतं. आता संगीतकाराच्या बाजूने विचार करा. यातला कोणताही तुकडा इतर कोणत्याही तुकड्यानंतर शोभला पाहिजे. त्याचा शेवट इतका पक्का नको की पुढचं वाक्य उपरं वाटेल आणि इतका उघडाही नको की अधांतरी राहील. हे काम अतिशय अवघड आहे आणि त्याचं श्रेय कोंडोंना पुरेसं मिळत नाही.

याच्या शेजारी 'फायनल फँटसी 6' (1994) ठेवा. (अमेरिकेत तो तेव्हा 'फायनल फँटसी 3' या नावाने विकला गेला, म्हणून जुन्या यादीत आकडा बघून फसू नका.) पहिल्या अर्ध्या भागात जगाच्या नकाशावर टेरा या नायिकेचीच चाल वाजते. तुम्ही थांबा, पळा, गोल गोल फिरा, तिला फरक पडत नाही. चोकोबो या मोठ्या पक्ष्यावर किंवा विमानात बसलात की वेगळी चाल लागते, तेवढाच अपवाद. मग कथेत जग उद्ध्वस्त होतं आणि त्याच नकाशावर उजाड, भकास संगीत येतं. पुढे काही सोबती परत सापडून दुसरं विमान हाती आलं की 'सर्चिंग फॉर फ्रेंड्स' सुरू होतं. ते नकाशावर नुसतं फिरून मिळत नाही, कथा तिथवर यावी लागते.

सगळ्यात स्पष्ट उदाहरण 1997 च्या 'फायनल फँटसी 7' मध्ये आहे. एरिस ही नायकाची सोबतीण मरते आणि तिची चाल सुरू होते. लगेच मोठ्या शत्रूशी लढाई जुंपते, पण लढाईचं संगीत येतच नाही, एरिसचीच चाल चालू राहते. हायरूलच्या मैदानात शत्रू नुसता जवळ आला की संगीत बदलतं, इथे समोरासमोर युद्ध चालू असून बदलत नाही, कारण गोष्टीच्या दृष्टीने त्या क्षणी लढाईला महत्त्वच नाही. हे दोन प्रसंग लागोपाठ खेळून बघितले की वाद मिटायला हरकत नाही.

कोंडोंची ही पद्धत 1998 साली अचानक आली असंही नाही. 'सुपर मारिओ ब्रदर्स' (1985) मध्येच घड्याळ 100 वर आलं की इशारा होऊन तीच चाल जलद होते. 'सुपर मारिओ वर्ल्ड' (1990) मध्ये योशी या डायनोसॉरवर बसलात की चालू चालीत बोंगो मिसळतात, उतरलात की जातात. 'सुपर मारिओ 64' च्या पाण्यातल्या चालीत पुढे जाल तशी वाद्यं वाढत जातात. लावणीतला ढोलकीवाला जसा नाचणारीच्या पायांवर नजर ठेवून वाजवतो, तशी ही साथ आहे.

फॅमिकॉमवर तर दुसरा इलाजही नव्हता. आवाजाचे चॅनल, म्हणजे एका वेळी वाजू शकणारे आवाज, पाच: दोन पल्स, एक त्रिकोणी लहर, एक नॉइज (खरखर), एक सॅम्पलसाठी, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या छोट्या आवाजांसाठी. मारिओत त्यातले चारच वापरले आहेत. उडीचा आवाज एका पल्स चॅनलवर येतो, नाण्याचा दुसऱ्यावर, आणि तेवढा वेळ त्या चॅनलवरचं संगीत गप्प होतं. म्हणजे खेळणारा उडी मारतो तेव्हा संगीताचा एक आवाज अक्षरशः काढून घेतो. अशा जागी चाल अशी हवी की मधले सूर गेले तरी ठेका सुटू नये. मैफिलीत कुणी उडी मारत नाही, त्यामुळे तिथे यातलं काहीच ऐकू येत नाही. मारिओची चाल संथ करून पियानोवर वाजवणाऱ्यांचा मला म्हणून राग येतो: जिच्यावर ती बेतली होती ती धावच काढून टाकलेली असते.

उएमात्सुंची अडचण वेगळी होती. 'फायनल फँटसी 6' फॅमिकॉमनंतरच्या ज्या सुपर फॅमिकॉमवर आला त्याची ध्वनिचिप सोनीची, 8 चॅनल आणि सॅम्पलवर चालणारी. त्यामुळे या संगीताला फॅमिकॉमसारखं '8-बिट' म्हणणं साफ चूक. तिची मेमरी सगळी मिळून 64 किलोबाइट. वाद्यांचे सॅम्पल, सुरावटीचा डेटा, आवाज चालवणारा प्रोग्राम, सगळं त्यातच. प्रतिध्वनी हवा असेल तर दर 16 मिलिसेकंदांना 2 किलोबाइट त्याच मेमरीतून जातात. घुमारा वाढवला की वाद्यांची जागा कमी होते. एवढ्या जागेत त्यांनी ऑपेराचा आख्खा प्रवेश उभा केला, गाणाऱ्या गळ्याच्या जागी सॅम्पल आणि पडद्यावर शब्द.

माझं मत विचाराल तर खेळ नसताना ऐकायला उएमात्सु, कारण गोष्ट चालीतच भरलेली असते आणि ती मैफिलीत टिकते. खेळाचं संगीत कसं लिहावं हे शिकायचं असेल तर कोंडो, आणि तेही हातात कंट्रोलर घेऊनच. एकदा आवाज बंद करून खेळा: मारिओत उड्यांचा अंदाज चुकल्यासारखा वाटेल, फायनल फँटसीत लढाया नीट जिंकाल पण प्रसंग कोरडे जातील.

शेवटी श्रेयाचा घोळ, म्हणजे इतरांचं काम या दोघांच्या नावावर टाकणं, कारण तो रोज दिसतो. 'क्रोनो ट्रिगर' (1995) प्रामुख्याने यासुनोरी मित्सुदांचा आहे. ते आजारी पडल्यावर उएमात्सुंनी काही रचना पूर्ण केल्या. 'किंगडम हार्ट्स' योको शिमोमुरांचा. 'फायनल फँटसी 10' मध्ये उएमात्सुंबरोबर जुनया नाकानो आणि मासाशी हामाउझु आहेत, आणि 12 चं बहुतेक संगीत हितोशी साकिमोतोंचं. तिकडे 'सुपर मारिओ गॅलक्सी' मधलं बहुतेक संगीत माहितो योकोतांचं आहे आणि 'डाँकी काँग कंट्री' तर जपानीही नाही, ते प्रामुख्याने इंग्लंडच्या डेव्हिड वाइजांचं.