रावेरचं केळं बिस्किटात का मावत नाही?

जळगाव जिल्ह्यात केळी विकत आणायची वेळ सहसा येत नाही. रावेर-यावलकडचं कुणीतरी पाहुणं घड टाकून जातं आणि तिसऱ्या दिवशी सगळी केळी एकदम पिकतात. मग शिकरण, पुन्हा शिकरण. मागे असंच वैतागून दोन केळी कुस्करली आणि नानकटाईच्या पिठात मळली. ओव्हनमधून निघाला तो चपटा केक. गार झाल्यावर बोटांना चिकटायलाही लागला.

दोष पाण्याचा. पिकल्या केळ्याच्या गरात सुमारे ७५ टक्के पाणी असतं आणि कुरकुरीत बिस्किटात ते जेमतेम ५ टक्क्यांच्या आत लागतं. मैद्यातल्या प्रथिनांना पाणी मिळालं की त्यांचं चिवट जाळं बनतं, ग्लुटेन म्हणतात ते. आपण तुपाचं मोहन घालतो ते हे जाळं अडवायलाच. तूप पिठाच्या कणांवर बसतं, पाणी आत शिरू देत नाही, म्हणून नानकटाई खुसखुशीत होते. पण केळ्याचा गर इतकं पाणी आणतो की मोहन हरतं. शिवाय एवढ्या पाण्यात मैद्यातला स्टार्चही फुगून शिजतो, आणि शिजलेला स्टार्च म्हणजे केकचाच मऊपणा.

साखरेचा खोडा वेगळाच. कच्च्या केळ्यात वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका स्टार्च असतो. पिकताना त्यातला बहुतेक साखरेत बदलतो. सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोज अशा तिन्ही साखरांत. त्यातल्या ग्लुकोज आणि फ्रुक्टोज उष्णतेत अमिनो आम्लांना भिडतात आणि तपकिरी रंग, खमंग वास तयार करतात. लुई-कामिल मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये या प्रक्रियेचं वर्णन केलं. भाकरीच्या पापुद्र्यावरचे डागही तिचेच. साध्या साखरेचं बिस्किट सावकाश रंगतं, केळ्याचं मात्र कडेनं काळवंडतं आणि मध्ये ओलंच राहतं. म्हणून १८० ऐवजी १५० अंशांवर, जास्त वेळ.

पाणी काढायला खानदेशात ओव्हनही लागत नाही. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, गच्चीवर बिबडे वाळत असतात, त्यांच्याच शेजारी केळ्याच्या पातळ चकत्या पसराव्यात. पूर्ण पिकलेली केळी मात्र नकोत: साखर जास्त असल्यानं ती चामड्यासारखी लवचिक राहतात, मिक्सरला दाद देत नाहीत. अर्धवट पिकलेलीच घ्या. लिंबाचा रस लावला तर चकत्या कमी काळ्या पडतात, कारण हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ घालून देणारं केळ्यातलं एन्झाइम आम्लात मंदावतं. वाळलेल्या चकत्या मिक्सरमधून काढल्या की त्यांची भुकटी होते. वाटीभर मैद्याला ती दोन चमचे पुरे.

चव येते, वास मात्र फारसा नाही. केळ्याच्या वासातला मुख्य रेणू आयसोअमाइल अॅसिटेट. तो १४२ अंशांवर उकळतो, पण वाफेबरोबर त्याच्या कितीतरी आधीच उडून जातो. स्वयंपाकघर केळ्यानं घमघमलं की समजायचं, बिस्किटातला वास संपला. (मधमाशी डंख मारताना हाच रेणू सोडते आणि बाकीच्या माश्यांना सावध करते, म्हणून पोळ्याजवळ केळं खायला माझी तरी हिंमत नाही.) बेकरीवाले इसेन्स घालतात तो बहुधा हाच. तो मी तुपात घोळवून घालते. चरबीत विरघळल्यानं थोडा तरी टिकतो.

पावसाळ्यात फ्रुक्टोज हवेतली ओल ओढतं आणि बिस्किटं नरम पडतात. तेव्हा १२० अंशांवर दहा मिनिटं पुन्हा भाजून, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात.