एस्त्रापेर्लो

एस्त्रापेर्लो : स्पॅनिश यादवी युद्धानंतर (१९३६–३९) स्पेनमध्ये शिधावाटपाच्या आधाराने फोफावलेला काळा बाजार व त्याभोवती उभी राहिलेली लोकव्यवहाराची रीत. तिचा काळ सर्वसाधारणपणे १९३९ ते १९५२ असा मानतात. सरकारने भाव बांधून दिलेल्या किंवा ताब्यात घेतलेल्या वस्तूंची, विशेषतः गहू, पीठ, ऑलिव्ह तेल, कडधान्ये, साखर, तंबाखू व औषधे यांची, चोरटी खरेदी-विक्री म्हणजे एस्त्रापेर्लो आणि ती करणारा तो एस्त्रापेर्लिस्ता. याच काळाला स्पॅनिश लोक ‘भुकेची वर्षे’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत काळा बाजार युरोपात सगळीकडेच होता. मात्र स्पेन त्या युद्धात उतरला नव्हता, आणि महायुद्ध संपल्यावरही तेथील काळा बाजार आणखी सात वर्षे टिकला.

व्युत्पत्ती : हा शब्द भुकेतून नव्हे, जुगारातून आला आहे. ‘स्त्रापेर्लो’ हे विजेवर चालणाऱ्या, रूलेटच्या (फिरत्या चाकात गोळी टाकून खेळायच्या जुगाराच्या) जातीच्या एका यंत्राचे नाव. डॅनिएल स्ट्राउस हा त्याचा प्रवर्तक, याविषयी एकमत आहे. नावाची फोड कशी करावी याविषयी नाही. एका मतानुसार स्ट्राउस व त्याचा भागीदार योआखिम पेर्लोविट्स या दोघांच्या आडनावांचे आरंभीचे तुकडे जोडून ते बनले (स्त्रा + पेर्लो). दुसऱ्या मतानुसार नावात तिघे आहेत : स्ट्राउस, पेर्ल (हे पेर्लोविट्सचेच आखूड रूप असावे) आणि स्ट्राउसची पत्नी फ्रीडा लोवान, म्हणजे स्त्रा + पेर + लो. दोन्ही फोडी अक्षरांत चपखल बसतात, त्यामुळे केवळ अक्षरांवरून निकाल लागत नाही. दुसरी फोड अधिक वेळा उद्धृत होते. पहिलीत तिसऱ्या व्यक्तीला बोलवावे लागत नाही, एवढी तिची जमेची बाजू. आरंभीचा ‘ए’ मात्र निर्विवादपणे स्पॅनिश जिभेने लावलेला आहे. शब्दारंभी ‘स’ला जोडून येणारे व्यंजन त्या भाषेला सोसत नाही. आपल्याकडे स्कूलचे ‘इस्कूल’ झाले, तसाच हा प्रकार.

स्पेनमध्ये प्रीमो दे रिवेराच्या हुकूमशाहीत, १९२४ पासून, जुगाराला बंदी होती व त्यानंतरच्या प्रजासत्ताकाच्या (१९३१–३९) काळातही ती उठली नव्हती. स्ट्राउसचा दावा असा की, यंत्रातील गोळीची चाल नीट पाहणाऱ्याला ती कोठे थांबणार हे हिशेबाने काढता येते. म्हणून हा नशिबाचा खेळ नसून बुद्धीचा आहे. यंत्राची कळ खेळ चालवणाऱ्याच्या हाती होती आणि निकाल हवा तसा फिरवता येई, असे पुढे सांगितले गेले. १९३४ मध्ये सान सेबास्तियान येथील कुर्साल या कॅसिनोत ते सुरू झाले आणि पोलिसांनी लगोलग बंद केले. मायोर्का बेटावरील फोर्मेंतोर हॉटेलातही तेच घडले. परवानगीसाठी चारलेले पैसे व झालेला तोटा परत मिळावा, असा तगादा स्ट्राउसने लावला आणि दाद लागेना तेव्हा सगळी कागदपत्रे राष्ट्राध्यक्ष निसेतो आल्काला-सामोरा यांच्याकडे धाडली. ऑक्टोबर १९३५ मध्ये प्रकरण संसदेत आले. आरोपाचा रोख रॅडिकल पक्षाचे वृद्ध नेते व नुकतेच पंतप्रधानपदावरून उतरलेले आलेहांद्रो लेरू यांच्या गोतावळ्यावर, विशेषतः त्यांचा दत्तक पुत्र आउरेल्यो याच्यावर होता. माजी गृहमंत्री राफाएल सालासार आलोन्सो संसदेतील मतदानात अगदी थोडक्यात सुटले (यादवी युद्ध सुरू होताच प्रजासत्ताकाच्या ताब्यातील माद्रिदमध्ये त्यांना देहान्ताची शिक्षा झाली, तिचा या यंत्राशी संबंध नव्हता). लेरू मंत्रिमंडळाबाहेर गेले, त्यांचा मध्यममार्गी पक्ष फेब्रुवारी १९३६ च्या निवडणुकीत जवळजवळ पुसला गेला आणि पाचच महिन्यांनी युद्ध पेटले. रकमेच्या मानाने प्रकरण किरकोळ होते. मध्यम मार्ग कोसळण्यास ते कितपत कारण झाले, याविषयी मतभेद आहेत. आधीच खिळखिळ्या झालेल्या पक्षाला ते शेवटचा धक्का ठरले, हे मत अधिक पटण्यासारखे आहे.

जुगाराच्या यंत्राचे नाव काळ्या बाजाराला नेमके केव्हा चिकटले, हे सांगणे अवघड आहे. घोटाळ्यानंतर लगेचच तो शब्द कोणत्याही लबाडीसाठी वापरला जाऊ लागला व सुमारे १९४० पर्यंत तो चोरट्या धान्यव्यापाराला रूढ झाला, असा क्रम बहुधा असावा. पराभूत प्रजासत्ताकाचा कलंक म्हणून, यादवी युद्ध जिंकलेल्या जनरल फ्रँकोच्या नव्या राजवटीच्या वृत्तपत्रांनी तो मुद्दाम जागता ठेवला, असेही एक मत आहे. तसे असल्यास तो डाव उलटला. आज स्पॅनिश माणसाला त्या शब्दाने लेरू नव्हे, फ्रँकोचा काळ आठवतो.

शिधा व जकात नाके : युद्ध १ एप्रिल १९३९ रोजी संपले. त्याच वर्षी मे महिन्यात शिधापत्रिका लागू झाल्या. आरंभी कुटुंबाची एक, १९४३ पासून माणशी एक. कुटुंबांचे ऐपतीप्रमाणे तीन वर्ग होते. श्रीमंताला पाव कमी व गरिबाला जास्त, अशी तजवीज होती. दिसायला ती न्यायाची. खरे तर श्रीमंत उरलेले बाहेरून विकत घेईल, हे सरकारने त्यात गृहीतच धरले होते. धूम्रपानाची वेगळी पत्रिका असे व ती फक्त प्रौढ पुरुषांना मिळे.

या व्यवस्थेचा उगम मात्र युद्धकाळातला आहे. फ्रँकोच्या बाजूने १९३७ मध्येच राष्ट्रीय गहू सेवा स्थापन केली होती. शेतकऱ्याने घरखर्च व बियाणे वगळून सगळा गहू तिलाच, ठरलेल्या भावाने घालायचा. भाव इतका खाली बांधला गेला की शेतकऱ्याने पेरा कमी केला किंवा पीक लपवले. अर्थेतिहासकार कार्लोस बार्सिएला यांच्या अंदाजानुसार १९४० च्या दशकात कित्येक वर्षे चोरट्या वाटेने विकला गेलेला गहू सरकारी खरेदीपेक्षा अधिक होता. त्या काळच्या अधिकृत उत्पन्नाच्या आकड्यांवर विसंबून चालत नाही, असाही त्याचा अर्थ होतो. गिरण्यांना सरकारी मोहोर ठोकून त्या बंद केल्या जात. मग रात्री मोहोर हळूच सोडवून दळण होई आणि घरात कॉफी दळायच्या यंत्रात मूठमूठ गहू भरडला जाई. सप्टेंबर १९४० मध्ये भावनियंत्रण मोडणाऱ्यांसाठी ‘फिस्कालिया दे तासास’ हे खास खाते निघाले. दंड, मालजप्ती व श्रमतुकडीत रवानगी या शिक्षा होत्या. १९४१ च्या कायद्याने लष्करी न्यायालय व देहान्तही त्यांत आला.

मोठा व छोटा : स्पॅनिश अभ्यासक एस्त्रापेर्लोचे दोन थर मानतात. मोठ्यात जमीनदार, गिरणीवाले, ठोक व्यापारी आणि परवाने देणारे अधिकारी. मालाने भरलेले ट्रक त्यांचे आणि पोलिसी तपासणी सैल ठेवण्याची सोयही त्यांचीच. छोट्यात प्रामुख्याने बायका. १९४० च्या सुमारास तुरुंगात अधिकृत आकड्यांप्रमाणे सुमारे २ लाख ७० हजार माणसे होती. प्रजासत्ताकाच्या बाजूने लढून मेलेल्याच्या विधवेला निवृत्तिवेतन नव्हते, आणि कैद्याला जगवायचे तर घरून डबा पोचवावा लागे. अशा घरातील बाई खेड्यात जाऊन दोन-चार किलो पीठ, शेंगा किंवा तेल घेई व शहरात विकून त्यावर घर चालवी.

तिची वाट बहुधा रेल्वेची. पीठ परकराच्या आतून शिवलेल्या पिशव्यांत, तेल पोटाला बांधलेल्या डब्यात. अंगावर सैल झगा घातला की ती गरोदर दिसे. स्टेशनात गार्दिया सिव्हिल या निमलष्करी पोलीस दलाचे शिपाई आणि गावाच्या वेशीवर ‘फिएलातो’ म्हणजे जकात नाका. म्हणून स्टेशनाच्या अलीकडे, वळणावर गाडी मंदावली की खिडकीतून पोती खाली पडत आणि रुळांकडेला दबा धरून बसलेली पोरे ती उचलून शेतातून पसार होत. पकडले तर माल जाई, पुष्कळदा तो शिपायाच्याच घरी, अशी त्या पिढीतील बायकांची एकमुखी आठवण आहे. फिस्कालियाच्या दप्तरांत नावे सापडतात ती बहुशः याच थराची. मोठ्या थराने कागद मागे ठेवले नाहीत, त्यामुळे दप्तरे जशीच्या तशी वाचली तर काळा बाजार विधवा चालवत होत्या असा चमत्कारिक निष्कर्ष निघतो.

औषधांचा व्यवहार वेगळा होता. पेनिसिलीन जिब्राल्टर व टॅंजियरच्या वाटेने येई. ते माद्रिदच्या ग्रान व्हिया रस्त्यावरील चिकोते या उंची मद्यगृहात मिळते, हे सगळ्या शहराला ठाऊक होते. क्षयाच्या व १९४१ च्या प्रलापक सन्निपात ज्वराच्या (टायफस) साथींनी मुख्यतः दाटीवाटीच्या वस्त्या व तुरुंग गाठले. चिकोतेतले भाव तिथल्यांना परवडणारे नव्हते.

आहार : गव्हाच्या पांढऱ्या पावाची जागा मका, राय किंवा कोंडा मिसळलेल्या काळ्या पावाने घेतली, आणि पांढरा पाव हीच श्रीमंतीची खूण झाली. कॉफी चिकोरीची किंवा भाजलेल्या जवाची. कॅटलन पाकतज्ज्ञ इग्नासी दोमेनेक यांच्या १९४१ च्या टंचाईच्या पाकपुस्तकात अंडे व बटाटा दोन्ही नसलेल्या आम्लेटची कृती आहे. संत्र्याच्या सालीच्या आतला पांढरा भाग कापून भिजवायचा, तो बटाटा. पीठपाण्याचे सरबरीत मिश्रण, ते अंडे.

सर्वांत वाईट ठरली ती ‘अल्मोर्ता’. लॅथिरस सॅटायव्हस हे तिचे शास्त्रीय नाव. विदर्भातली लाख किंवा लाखोळी ती हीच. ला मांचा भागात तिच्या पिठाची पेज (‘गाचास’) पूर्वापार आवडीने खात. मात्र इतर अन्नाअभावी महिनोन्महिने तेवढीच पोटात गेली की तिच्यातील विषारी द्रव्याने पायांतील बळ जाते आणि ते सहसा परत येत नाही. १९४० च्या दशकाच्या आरंभी या कलायखंजाचे अनेक रुग्ण स्पॅनिश डॉक्टरांनी नोंदवले व १९४४ मध्ये माणसांच्या आहारात अल्मोर्ता वापरण्यास बंदी झाली. नेपोलियनशी झालेल्या युद्धातील माद्रिदच्या दुष्काळातही लोक याच धान्यावर जगले होते. चित्रकार गोयाच्या एका कोरीवचित्राचे शीर्षकच ‘अल्मोर्तेची कृपा’ अशा अर्थाचे आहे.

कारणमीमांसा : राजवटीने या भुकेचे खापर तिघांवर फोडले : ‘लाल’ (प्रजासत्ताकाच्या) सैन्याने केलेला विध्वंस, परकीयांची कोंडी आणि ‘चिवट अवर्षण’. यांतले काहीच निखालस खोटे नाही. खतांची आयात घटली होती, १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी राजदूत परत बोलावण्याची शिफारस केली आणि १९४५ चे अवर्षण खरोखर कडक होते. तथापि सर्वांत भीषण वर्षे १९३९ ते १९४२ ही आहेत. म्हणजे ती कोंडीच्याही आधीची व त्या अवर्षणाच्याही आधीची. त्याच वर्षांत यादवी युद्धातील कर्जाच्या फेडीपोटी जर्मनीला खनिजांबरोबर खाद्यपदार्थही जात होते. म्हणून स्वयंपूर्णतेचे (‘आउतार्किया’) धोरण व बांधलेले भाव यांना मुख्य कारण मानण्याकडे अलीकडच्या अभ्यासकांचा कल आहे. मीगेल आन्हेल देल आर्को यांच्यासारखे इतिहासकार ‘टंचाई’ऐवजी सरळ ‘दुष्काळ’ हा शब्द योजतात. भूक व तज्जन्य रोगांनी सुमारे २ लाख माणसे दगावली असा अंदाज वारंवार दिला जातो. तो युद्धपूर्व मृत्युमानाशी तुलना करून काढलेला असल्याने अदमासाचाच समजावा. त्या वर्षांत वाढीच्या वयात असलेल्या मुलांची उंची खुंटल्याचे सैन्यभरतीच्या मोजमापांवरून दिसते.

संस्कृतीतील पडसाद : अचानक धनाढ्य झालेल्या एस्त्रापेर्लिस्ताच्या ऐसपैस अमेरिकन मोटारीला लोक ‘आयगा’ म्हणत. दुकानात जाऊन तो ‘असेल ती सगळ्यांत मोठी गाडी द्या’ म्हणताना ‘आया’ या शुद्ध क्रियारूपाऐवजी गावंढळ ‘आयगा’ म्हणे, अशी आख्यायिका. नवश्रीमंताचे व्याकरण काढणे, एवढाच सूड तेव्हा बिनधोक होता. १९४७ पासून मुलांच्या साप्ताहिकात येऊ लागलेला ‘कार्पान्ता’ हा पुलाखाली राहणारा, भाजलेल्या कोंबडीची स्वप्ने पाहणारा चित्रकथानायक. त्याचा जनक एस्कोबार स्वतः युद्धानंतर तुरुंगात जाऊन आला होता. फ्रँकोच्या स्पेनमध्ये कोणी उपाशी नसते, अशी हरकत पुढे सेन्सॉरने घेतल्याचे सांगतात. कामिलो होसे सेला यांची माद्रिदमधील अशाच दिवसांवरची कादंबरी ‘ला कोल्मेना’ स्पेनमध्ये अडवली गेल्याने १९५१ मध्ये ब्वेनोस आयरिसला छापावी लागली. सेला स्वतः काही काळ सेन्सॉर खात्यात होते.

ऱ्हास : अर्जेंटिनाच्या पेरॉन सरकारने १९४६ नंतर उधारीवर दिलेला गहू, १९५१ ची चांगली सुगी व अमेरिकन कर्ज यांनी पुरवठा सुधारला. मार्च १९५१ मध्ये बार्सेलोनात ट्रामच्या भाडेवाढीवरून झालेल्या बहिष्काराने महागाईचा राग उघड केला. त्याच उन्हाळ्यात मंत्रिमंडळ बदलले आणि १९५२ मध्ये पाव शिधामुक्त झाला. दरडोई उत्पन्न युद्धपूर्व पातळीला पोचायला साधारण तोवरचाच काळ लागला. जकात नाके त्यानंतरही काही वर्षे होते. ला मांचात गाचास आता उपाहारगृहांत आवडीचा पदार्थ म्हणून मिळतात. एस्त्रापेर्लो हा शब्द साठीनंतरच्या पिढीच्या बोलण्यात अजून आहे, आणि तरुण तो बहुधा गमतीने वापरतात.