ग्रहणात भाजी चिरल्यानं लेकराच्या हृदयाला छिद्र पडतं का?

"ग्रहणात पोटुशीनं विळी धरली की लेकराच्या हृदयाला छिद्र पडतं" हा मेसेज आपल्या मराठवाड्यात ग्रहण आलं की फिरतोच, आणि लेकरू आजारी निघालं की सगळा ठपका मायवर.

खरं काय, तर बाळाचं हृदय गर्भ राहिल्यापासून ३ऱ्या ते ८व्या आठवड्यातच घडतं, बऱ्याचदा तेव्हा बाईला दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं. म्हणजे सातव्या महिन्यातल्या ग्रहणानं ते बिघडेल कसं? पंचांगातली ग्रहणाची तारीख आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टमधले आठवडे शेजारी ठेवून बघा. शिवाय जगात १०० बाळांमागे साधारण एकाला जन्मजात हृदयदोष असतो, ग्रहण कुणी पाळत नाही तिथंही. कारणं म्हणाल तर जनुकं, आईची आटोक्यात नसलेली शुगर, सुरुवातीच्या महिन्यांतला रुबेला (जर्मन गोवर), काही औषधं, आणि पुष्कळदा नेमकं कारण सापडतच नाही.

बाळ दोन घोट दूध पिऊन दमतं, कपाळावर घामाचे थेंब येतात, रडताना ओठ-जीभ निळी पडते, असं दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे न्या. टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, छिद्र स्पष्ट दिसतं, त्यात सुई-इंजेक्शन काही नसतं. लहान छिद्रं कितीदा आपोआप बुजतात, मोठी असली तर ऑपरेशन होतं.