चौऱ्याहत्तर विजय म्हणजे ‘फिक्सिंग’ नव्हे

दादरच्या आमच्या कट्ट्यावर हा दावा वर्षानुवर्षं ऐकतोय: ‘जेपर्डी’ या अमेरिकन प्रश्नमंजुषेत केन जेनिंग्ज 2004 मध्ये सलग 74 सामने जिंकला, म्हणजे वाहिनीनेच जिंकवलं, नाहीतर आधी कुणी एवढं का जिंकलं नाही?

कारण साधं आहे. आधी तशी मुभाच नव्हती! पाच सामने जिंकले की विजेत्याला निरोप मिळायचा. ही मर्यादा 2003 मध्ये उठली.

दुसरं कारण बझरचं, आणि मला तेच जास्त पटतं. प्रश्न पूर्ण वाचून होईपर्यंत बझर बंद असतो. घाईने दाबला तर क्षणभर अडकतो. उत्तर बहुतेकदा तिन्ही स्पर्धकांना येत असतं, पण तो क्षण नेमका साधणं सरावानेच जमतं. गतविजेत्याचा हात बसलेला असतो, समोरचे दोघे नवखे.

1950च्या दशकात ‘ट्वेंटी-वन’ या अमेरिकन प्रश्नमंजुषेत स्पर्धकांना उत्तरं खरोखर आधी पुरवली होती, संशय तिथूनच आला. पण त्यानंतर 1960 मध्ये अमेरिकेत अशी लबाडी कायद्याने गुन्हा ठरली. आपल्या ‘केबीसी’शी तुलनाही चुकीची, तिथे जिंकलेला स्पर्धक पुढच्या स्पर्धकाशी खेळायला थांबतच नाही.