ज्या जिल्ह्यातून माणसं जातात, त्याच जिल्ह्यात येतात

दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बीडकडच्या टोळ्या सोलापूर जिल्ह्यात उतरू लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे कोयते मिळून टोळी, तिच्यावर मुकादम, आणि पावसाळ्यातच घेऊन खर्चून टाकलेली उचल. नीरेच्या आणि उजनीच्या पाण्यावर माळशिरस, पंढरपूर, माढा या तालुक्यांत ऊस उभा असतो. त्याच दिवसांत मंगळवेढ्याच्या कोरडवाहू गावांतले कोयते घराला कुलूप लावून दुसऱ्या जिल्ह्यांतल्या फडांकडे निघालेले असतात. शिकलेली पोरं तर बारा महिने पुण्याची गाडी धरतात.

मजुरी कमी असते तिथून माणूस मजुरी जास्त असते तिथे जातो, आणि हळूहळू दोन्हीकडची मजुरी सारखी होत जाते, असं स्थलांतराचं सोपं चित्र आपल्या डोक्यात असतं. सोलापुरात ते अपुरं पडतं. इथे गरीब आणि श्रीमंत भागांमधली रेघ जिल्ह्याच्या हद्दीवरून जात नाही, ती कालव्याच्या काठाने जाते. शिवाय गाव आणि शहर यांच्या कमाईत एवढी तफावत असताना बहुतेक माणसं गावातच कशी राहतात, याचं उत्तर त्या चित्रात नाही. मला हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

अर्न्स्ट जॉर्ज रॅव्हेनस्टाइन या जर्मनीत जन्मलेल्या नकाशातज्ज्ञाने ब्रिटनच्या जनगणनेचे आकडे तपासून 1885 मध्ये स्थलांतराचे काही नियम मांडले. बहुतेक माणसं जवळच जातात. लांबची मजल टप्प्याटप्प्याने गाठली जाते. प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो. कमी अंतराच्या स्थलांतरात बायकांचं प्रमाण जास्त असतं. भारताच्या 2011 च्या जनगणनेत देशांतर्गत स्थलांतरितांची संख्या 45 कोटींच्या वर गेली, त्यात राज्याची सीमा ओलांडणारे जेमतेम साडेपाच कोटी होते. सगळ्यांत मोठं कारण होतं लग्न. नोकरी आणि कामधंदा त्याच्या बराच मागे होता.

मायकेल टोडारो आणि जॉन हॅरिस या अर्थशास्त्रज्ञांनी 1970 मध्ये आणखी एक दुरुस्ती केली. माणूस शहरातला पगार पाहून निघत नाही, तो पगार मिळण्याची शक्यताही मनात धरतो. समजा, गावाकडे महिन्याला नऊ हजार सुटतात आणि पुण्यात वीस हजारांची नोकरी आहे, पण ती मिळण्याची शक्यता निम्मीच. मग त्याच्या हिशेबी पुण्याची किंमत दहा हजार. तरीही जाणं फायद्याचं ठरतं, म्हणून शहरात बेकारी दिसत असतानाही माणसं येत राहतात. एवढंच नाही, शहरात नव्या नोकऱ्या काढल्या तर त्या आशेने आणखी माणसं येतात आणि बेकारी वाढूही शकते.

या हिशेबात निर्णय घेणारा माणूस एकटा आहे. आपल्याकडे मात्र कोणी जायचं, कोणी थांबायचं, हे घर ठरवतं. हा विचार पुढे नेणाऱ्यांत ओडेड स्टार्क हे अर्थशास्त्रज्ञ प्रमुख, आणि त्यांच्या एका गाजलेल्या अभ्यासाचा धागा थेट सोलापूर जिल्ह्यात येतो. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेने 1975 मध्ये सहा गावांत घरोघरच्या हिशेबाची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्यांतली दोन गावं सोलापूर जिल्ह्यातली: मोहोळ तालुक्यातलं शिरापूर आणि उत्तर सोलापूरमधलं कळमण. उरलेली अकोला आणि महबूबनगर जिल्ह्यांतली. कोणी किती पेरलं, किती पिकलं, काय खाल्लं, कोणाकडून उसनं आणलं, हे वर्षानुवर्षं लिहिलं गेलं.

हे काम इथे का मोलाचं ठरलं, ते पावसावरून कळतं. सोलापूरचा पाऊस सरासरीने साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, पण सरासरीवर शेत पिकत नाही. पाऊस हुकतो तेव्हा तो एकाच्या शेतावर हुकत नाही, पंचक्रोशीभर हुकतो. शेजाऱ्याकडे मागावं तर त्याच्याही कणगीत ज्वारी नसते. जनावर विकावं तर सगळ्यांनीच बाजारात आणलेलं असतं आणि भाव पडलेला असतो. गावातल्या गावात एकमेकांना सावरण्याची रीत नेमकी गरजेच्या वर्षी कुचकामी ठरते. अशा वेळी उपयोगी पडतो तो लांबचा माणूस, ज्याच्याकडे त्या वर्षी पाऊस झालेला असतो.

स्टार्क आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी या नोंदींच्या आधारे 1989 मध्ये दाखवलं, की ज्या घरांचं शेतीचं उत्पन्न जास्त बेभरवशाचं, त्यांच्या घरची लग्नं जास्त लांबच्या गावांशी जुळण्याकडे कल असतो. अशी सोयरीक असलेल्या घरांत पीक बुडालं तरी खाण्यापिण्यावरचा खर्च तितकासा ढासळत नाही. लेक नांदायला जाते, हे जनगणनेच्या तक्त्यात फक्त ‘विवाह’ या रकान्यात बसतं. प्रत्यक्षात त्या नात्याने कोरडवाहू घराचा विमा उतरवलेला असतो. तिची त्यात किती इच्छा असते, हा प्रश्न आकडे विचारत नाहीत, पण आपण विचारायला हवा.

पुण्याला एक मुलगा आणि रानात दुसरा, ही वाटणीही याच तर्काची आहे. पुण्याचा पगार शिरापूरच्या पावसावर अवलंबून नसतो.

मग सगळेच का जात नाहीत? बांगलादेशातल्या रंगपूर भागात 2008 मध्ये एक प्रयोग झाला. सुगीच्या आधीच्या उपासमारीच्या महिन्यांत काही कुटुंबांना बसच्या भाड्याइतकी, साधारण साडेआठ डॉलरची मदत दिली. त्यामुळे शंभरातली आणखी 22 कुटुंबं कुणाला तरी बाहेर कामाला पाठवू लागली आणि घरी राहिलेल्यांचा आहार सुधारला. अगदी गरिबाला एका फसलेल्या फेरीचा खर्चही परवडत नाही, म्हणून तो निघतच नाही. हीच योजना पुढे मोठ्या प्रमाणावर राबवली तेव्हा तसा परिणाम दिसला नाही, हेही सांगायला हवं. भारताबाबत रोझेनझ्वाइग आणि कैवान मुन्शी यांनी आणखी एक कारण मांडलं: गावात अडीनडीला जातभाई उभे राहतात. पुरुष कायमचा शहरात गेला तर तो आधार सुटण्याची भीती असते. शहरात नवा आधार मिळेलच, याची खात्री कोण देणार?

ही खात्री आधी गेलेले लोक देतात. हडपसरला मामाची खोली असेल, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात गाववाला सुपरवायझर असेल, तर पहिल्या महिन्याची चिंता मिटते. स्वतः सोलापूर शहर असंच वाढलं. 1860 मध्ये रेल्वे आली, 1877 मध्ये पहिली कापडगिरणी उभी राहिली. 1876-78 च्या दुष्काळाचेही ते दिवस होते. तेलंगणातले पद्मशाली विणकर आले, त्यांच्यामागून त्यांचे नातलग आले. पूर्व भागात आजही घरोघरी तेलुगू ऐकू येते, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, आणि देशभर विकली गेलेली सोलापुरी चादर या लोकांच्या हातांनी नावारूपाला आली. बाहेरून आलेल्यांनी शहरावर भार टाकला, असं कुणी म्हणालं की मला या चादरीची आठवण द्यावीशी वाटते.

ऊसतोडीच्या कोयत्यांना मात्र असं रुजता येत नाही. ते दरवर्षी येतात आणि परततात, पोरांची शाळा ऐन वर्षाच्या मध्यात तुटते. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेमुळे आता दुसऱ्या गावातल्या दुकानातही धान्य घेता येतं, ही मोठी सोय झाली. पण कोपीवर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, राहणाऱ्या बाईला पाणी, शौचालय आणि दवाखाना कार्ड दाखवून मिळत नाही.

धोरण ठरवायचं तर ही माणसं आधी मोजली पाहिजेत. जनगणना एका वेळचं चित्र टिपते. दर हिवाळ्यात जाऊन उन्हाळ्यात परतणारा माणूस त्यातून सहज निसटतो. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख आहे 1 मार्च 2027. त्या सुमाराला फडात ऊसतोड चालू असू शकते. गणना करणारी व्यक्ती गावातल्या कुलूपबंद दाराशी थांबते की कोपीपर्यंत पोचते, यावर कोरडवाहू तालुक्यांचे आणि कारखान्यांच्या परिसराचे पुढच्या अनेक वर्षांचे आकडे ठरणार आहेत.