धावणाऱ्याचं वजन कुणी ठरवलं?

जानेवारी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापून आलं. त्यात दोन डॉक्टर शेजारी-शेजारी उभे आहेत. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची भरली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या प्रकाराला ‘वाय-वाय’ विरोधाभास असं नाव पडलं. चित्राखाली या दोघांनीच मोकळेपणानं लिहिलं होतं, की युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांची धाव म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठण्यापुरती.

त्याच वर्षी मुंबई मॅरेथॉन सुरू झाली. पुण्याची मॅरेथॉन १९८३ पासूनची, साताऱ्याची डोंगरवाटेवरची हाफ मॅरेथॉन २०१२ पासूनची. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात रविवारी पहाटे पाच वाजता रस्त्यावर धावणारे दिसतात, आणि लाँग रन संपवून चहाच्या टपरीवर टेकले की एक प्रश्न हमखास निघतो: माझी उंची एवढी, तर फुल मॅरेथॉनसाठी वजन किती पाहिजे? लगेच कुणीतरी मोबाइल काढतं, सूत्र सांगतं, आकडा निघतो. तो आकडा पुढचे सहा महिने त्या माणसाच्या डोक्यात बसतो. मला या आकड्याचा उगम शोधावासा वाटला, कारण त्यापायी चांगले धावणारे अर्धपोटी राहिलेले मी जवळून पाहिलेत.

उगम खेळाच्या मैदानावर सापडत नाही. तो सापडतो ब्रुसेल्सच्या वेधशाळेत. अ‍ॅडॉल्फ केटले हा बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या नोंदींसाठी वापरायचं गणित त्यानं माणसांना लावलं. त्याला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. १८३० च्या दशकात त्यानं मांडलं की प्रौढ माणसांचं वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. जाड कोण, बारीक कोण हा त्याचा प्रश्नच नव्हता. त्याचं सूत्र शंभरहून अधिक वर्षं पडून राहिलं. १९७२ मध्ये अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांच्या मोजमापांवर ते तपासलं आणि त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं. आपण आज ज्याला बीएमआय म्हणतो ते हेच. कीज यांना लोकसंख्येच्या अभ्यासासाठी एक सोपं मोजमाप हवं होतं. एकट्यादुकट्या माणसाला, त्यातही धावणाऱ्याला, त्यावरून कौल द्यावा असा त्यामागचा हेतू नव्हता.

दरम्यान दुसरीकडून आणखी एक आकडा आला. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका याच्या नावानं ओळखलं जाणारं सूत्र तर तोंडी हिशोबाचं आहे: सेंटिमीटरमधल्या उंचीतून शंभर वजा करा, उरेल तेवढे किलो. आपल्याकडे जुन्या पिढीतले डॉक्टर हेच सांगत.

आणि ‘आदर्श वजन’ हा शब्द? तो रूढ केला विमा कंपन्यांनी. अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ कंपनीनं १९४२-४३ मध्ये आपल्या विमेदारांच्या नोंदींवरून उंची-वजनाचे तक्ते काढले, १९५९ आणि १९८३ मध्ये ते सुधारले. कुठल्या वजनाचे विमेदार जास्त जगतात, म्हणजे कुणाचा दावा उशिरा येतो, एवढंच त्यांना पाहायचं होतं. १९५९ च्या तक्त्यात तर कपडे आणि बुटांच्या टाचाही हिशोबात धरलेल्या आहेत. हे तक्ते दवाखान्यांच्या भिंतींवर गेले आणि तिथून लोकांच्या मनात.

त्यांचा फोलपणा मात्र लगेच, १९४२ मध्येच दिसला होता. अमेरिकी नौदलाचे डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांनी अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या २५ व्यावसायिक खेळाडूंना पाण्याखाली तोलून त्यांच्या शरीराची घनता काढली. त्यांतले १७ जण तक्त्यानुसार ‘जास्त वजनाचे’, म्हणून लष्करी सेवेला अपात्र ठरत होते. प्रत्यक्षात त्यांच्या अंगावर चरबी कमी आणि स्नायू भरपूर होते. काटा फक्त एकूण ओझं सांगतो, ते कशाचं हे सांगत नाही. बेन्के यांचे ते खेळाडू आणि याज्ञिक-युडकिन यांचं छायाचित्र यांच्यात साठ वर्षांचं अंतर आहे, पण दोन्हीकडे सांगायचं तेच आहे.

मग हे आकडे धावण्यात कसे आले? इथे गोष्ट खरी गुंतागुंतीची होते, कारण वजनाचा धावण्याशी संबंध आहेच. इटलीच्या रोडोल्फो मार्गारिया यांच्या चमूनं १९६३ मध्ये दाखवलं की सपाटीवर धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते, वेग कमी असो की जास्त. ६० किलोच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरला अंदाजे अडीच हजार किलोकॅलरी लागतात. ७० किलोच्या माणसाला सुमारे चारशेवीस जास्त. १९७८ मध्ये अमेरिकेत कर्क क्युरटन आणि सहकाऱ्यांनी धावणाऱ्यांच्या अंगावर त्यांच्या वजनाच्या ५, १० आणि १५ टक्के ओझं बांधून त्यांना बारा मिनिटं पळवलं. ओझं वाढलं तसं अंतर घटलं. उन्हाचाही मुद्दा आहे. मोठ्या देहात उष्णता जास्त तयार होते आणि त्या मानानं ती बाहेर टाकायला त्वचा कमी पडते, म्हणून दमट हवेत लहान चणीच्या धावपटूला फायदा मिळतो. मुंबईत पेडर रोडचा चढ जो दुसऱ्यांदा, ऊन डोक्यावर आल्यावर चढला आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

हे सगळं खरं. पण क्युरटन यांनी बांधलेलं ओझं मेलेलं ओझं होतं. माणूस वजन उतरवतो तेव्हा ते काढून ठेवता येणारं ओझं नसतं. त्यात चरबीबरोबर स्नायू जातो, रक्ताचं प्रमाण घटतं, हाडही झिजतं. एक साधा हिशोब पाहू. धावणाऱ्याची क्षमता मोजायची तर शरीर दर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरतं हे पाहतात आणि त्याला वजनानं भागतात. १९२० च्या दशकात ए. व्ही. हिल यांच्या कामातून आलेल्या या मापाला आज सगळे ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात. ६० किलोचा माणूस मिनिटाला ३ लिटर ऑक्सिजन वापरत असेल तर आकडा येतो ५०. तीन किलो निव्वळ चरबी गेली तर तोच ३ लिटर ५७ नं भागून ५२.६. घड्याळावर आकडा वाढलेला दिसतो आणि माणूस खूश होतो. पण उपाशी राहून त्या तीन किलोंत स्नायूही गेला आणि ऑक्सिजनचा वापर २.८५ लिटरवर आला, तर भागाकार पुन्हा ५० वरच येतो. पदरात पडते ती फक्त दमणूक.

धावण्याच्या जगात ‘कमीत कमी’ची कल्पना जोरानं मांडली ती जर्मन डॉक्टर-प्रशिक्षक अर्न्स्ट व्हान आकेन यांनी. हा माणूस अनेक बाबतींत काळाच्या पुढे होता. सावकाश, लांब धावण्याचा पुरस्कार त्यांनी केला. बायकांना लांब पल्ला झेपत नाही असं डॉक्टरमंडळी छातीठोकपणे सांगत असताना त्यांनी १९७३ मध्ये जर्मनीतल्या वाल्डनीलला खास बायकांची मॅरेथॉन भरवली. त्याआधीच्याच वर्षी मोटारीच्या धडकेत त्यांचे दोन्ही पाय गेले होते, तरी काम थांबलं नाही. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. पण त्यांचंच आणखी एक सांगणं होतं, की धावपटूचं वजन सर्वसाधारण वजनापेक्षा १० ते २० टक्के कमी असावं. त्यांचा शिष्य हाराल्ड नोरपोट १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटरला दुसरा आला. १८४ सेंटिमीटर उंची आणि वजन ६० किलोच्या आसपास. त्याच्याकडे पाहून सूत्र खरं वाटणं साहजिक होतं.

गंमत अशी की सूत्र विजेत्यांना बऱ्यापैकी लागूही पडतं. ऑस्ट्रेलियाचा डेरेक क्लेटन मॅरेथॉनपटू म्हणून धिप्पाड, १८८ सेंटिमीटर, ७३ किलो. त्यानं १९६७ मध्ये फुकुओकाला २:०९:३६ अशी वेळ दिली, २ तास १० मिनिटांच्या आत येणारा तो पहिला. केनियाचा मॅरेथॉनपटू इलिउड किपचोगे १६७ सेंटिमीटर, ५२ किलो. दोघांत २१ किलोंचं अंतर. तरी ब्रोकाच्या हिशोबानं एक १७ टक्के कमी आणि दुसरा २२ टक्के कमी. पण ही माणसं त्या वजनाला पोचली वर्षानुवर्षं आठवड्याला दीड-दोनशे किलोमीटर धावून, आणि मुळात तशा बांध्यात जन्माला येऊन. लाखातून गाळून वर आलेल्यांची सरासरी काढायची आणि ती बाकीच्या लाखांना ध्येय म्हणून द्यायची, ही यातली चूक. १९७५ मध्ये डॅलसला अमेरिकेचे अव्वल धावपटू प्रयोगशाळेत तपासले गेले. त्यांत स्टीव्ह प्रीफॉन्टेनचा व्हीओटू मॅक्स ८४ च्या वर आणि फ्रँक शॉर्टरचा ७१ च्या आसपास निघाला. म्युनिकला मॅरेथॉनचं सुवर्ण जिंकलेला शॉर्टर. एका आकड्यावरून माणूस ओळखता येत नाही, हे तिथेही दिसलं होतं.

आता सर्वांत जास्त फिरणारं सूत्र बघू. ते अमेरिकन डॉक्टर स्टिलमन यांच्या नावानं सांगितलं जातं. पुरुषाला पहिल्या पाच फुटांचे ११० पौंड आणि पुढच्या प्रत्येक इंचाला साडेपाच, बाईला १०० पौंड आणि इंचाला पाच; लांब पल्ल्यासाठी त्यातून १५ टक्के वजा. आपल्याकडच्या पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईला ते लावून पाहा. ११० पौंड, त्यातून १५ टक्के गेले की उरले साडेत्र्याण्णव, म्हणजे ४२.४ किलो. बीएमआय १७.१. डॉक्टर ज्याला कमी वजन म्हणतात त्या १८.५ च्या रेषेच्याही बराच खाली. नोकरी, घर सांभाळून पहाटे धावणाऱ्या बाईला हे ‘आदर्श’ म्हणून सांगणं मला घातक वाटतं.

बायकांच्या बाबतीत याची किंमत विज्ञानाच्या लक्षात यायला वेळ लागला. १९७४ मध्ये रोझ फ्रिश यांनी मांडलं की अंगात ठरावीक टक्के चरबी असल्याशिवाय मासिक पाळी येत नाही किंवा टिकत नाही. म्हणजे पुन्हा एक आकडाच. १९८४ मध्ये, ज्या वर्षी ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली, त्याच वर्षी बार्बरा ड्रिंकवॉटर यांनी दाखवलं की पाळी थांबलेल्या तरुण खेळाडूंच्या मणक्याची हाडं विरळ झालेली असतात. १९९२ मध्ये अपुरं खाणं, थांबलेली पाळी आणि ठिसूळ हाडं या तिन्हींना मिळून एक नाव मिळालं. आणि मग अ‍ॅन लाउक्स यांच्या प्रयोगांनी सगळं चित्र पालटलं. त्यांनी दाखवलं की व्यायाम कितीही असो, खर्च झालेली ऊर्जा जेवणातून भरून निघाली तर हार्मोनचं चक्र बिघडत नाही. व्यायामाचा खर्च वजा जाता शरीराच्या चरबीविरहित प्रत्येक किलोमागे दिवसाला ३० किलोकॅलरीपेक्षा कमी उरलं, तर पाचच दिवसांत ते बिघडायला लागतं. पाच दिवसांत काट्यावर काय फरक दिसणार? शरीर चरबीचे टक्के मोजत बसलेलं नसतं. आज हातात काय पडलं एवढं ते पाहतं.

आता हेच स्वयंपाकघरात आणून बघू. ५० किलोची बाई, त्यात ४० किलो चरबीविरहित. तिच्या शरीराला चाळीस गुणिले तीस म्हणजे १,२०० किलोकॅलरी तर अगदी तळाची हवी. त्या दिवशी १५ किलोमीटर धावली तर वरचे ७५०. म्हणजे १,९५० ही नुसती जमीन, आरामात राहायला अडीच हजारांच्या आसपास हवं. आणि आपल्याकडे संकष्टी असते, एकादशी असते, नवरात्रात नऊ दिवस असतात. रविवारी २५ किलोमीटर धावून आलेली बाई घरातल्या सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर दीड पोळी आणि उरलेली भाजी घेऊन बसते. वर मोबाइलमध्ये ४२.४ चा आकडा. मग नडगीचं दुखणं दोन महिने जात नाही आणि बूट बदलून बघितले जातात.

२०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं यालाच व्यापक नाव दिलं, खेळातली सापेक्ष ऊर्जा-तूट. त्यात पुरुषही आले. त्यांची पाळी नसते, म्हणून धोक्याची घंटा वाजत नाही इतकंच. २०१९ मध्ये अमेरिकेची धावपटू मेरी केन हिनं जाहीरपणे सांगितलं की किशोरवयात तिला ११४ पौंडांवर यायला सांगून इतरांसमोर तोललं जायचं, तीन वर्षं तिची पाळी बंद होती आणि पाच हाडं मोडली. तिच्या प्रशिक्षकांनी आरोप नाकारले, पण त्यानंतर देशोदेशीच्या धावपटू मुली बोलू लागल्या.

याउलट आपला अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला मांडव्याचा मुलगा, सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला. मधल्या काळात वजन बरंच वाढलं होतं, ते त्यानं काही महिन्यांत सुमारे २० किलोंनी उतरवलं, असं त्याच्याबद्दल सांगतात. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलात त्यानं ३,००० मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, रौप्य जिंकलं, वेळ ८:११.२०. त्याची कथा ‘वजन उतरवा’ म्हणून सांगितली जाते. मला त्यात दिसतं ते वेगळं: वाढीव चरबी होती ती सरावात गेली. ज्याच्या अंगावर ती मुळातच नाही त्यानं या गोष्टीवरून काय उचलायचं?

मी स्वतः आता काटा एकाच कामासाठी वापरतो. लाँग रनला निघण्याआधी आणि परतल्यावर, घामाचे कपडे काढून. मेमधल्या पहाटे दोन तासांत दीड किलो गेलेलं दिसतं, ते बहुतेक पाणीच, दुपारपर्यंत ताक-सरबतानं भरायचं. आणि शर्यतीच्या आठवड्यात उलटं होतं. स्टॉकहोमच्या बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन यांनी १९६० च्या दशकात स्नायूंत साठणाऱ्या ग्लायकोजनचं, म्हणजे पिष्टमय जेवणातून बनणाऱ्या इंधनाचं, गणित मांडलं आणि ब्रिटनच्या रॉन हिलनं १९६९ मध्ये त्यावर बेतलेल्या आहारावर अथेन्सला युरोपियन मॅरेथॉन जिंकली. ग्लायकोजन साठताना आपल्या तिप्पट पाणी धरून ठेवतं. शेवटचे दोन-तीन दिवस भात, बटाटा, पोहे नीट खाल्ले की काटा किलो-दीड किलो वर जातो. त्या शनिवारी आमच्या ग्रुपवर दरवर्षी कुणीतरी घाबरून फोटो टाकतं: ‘दीड किलो वाढलं, आता काय करू?’ मी लिहितो, रात्री अजून एक वाटी भात घे आणि लवकर झोप.